पाण्यावर स्वस्त, धक्क्यावर महाग

सदर : सारंगाला विचारा

मागच्या अंकात मी एक वाक्य लिहून बसलो होतो, ‘बार्जला रस्ता लागत नाही, टोल लागत नाही, फक्त पाणी लागतं.’ लिहिताना झोकात वाटलं होतं. त्यावर या महिन्यात नऊ पत्रं आली आणि नऊच्या नऊ मालवाहतुकीवर. त्यातली सहा घेतो. बाकीची तीन माझं कौतुक करणारी आहेत, ती घरी ठेवली.

नवीन वाचकांसाठी एवढंच की बार्ज म्हणजे नदी-खाडीत माल नेणारी सपाट तळाची बोट आणि मी दाभोळ खाडीकाठचा. १९८४ साली खलाशी म्हणून गोव्यात बार्जवर चढलो, तिथेच सारंगाचं, म्हणजे बार्ज चालवणाऱ्याचं, सर्टिफिकेट काढलं आणि शेवटची सहा वर्षं धरमतरच्या खाडीत घालवून घरी आलो.

प्रश्न : आमचं खतांचं दुकान आहे. आजोबा सांगायचे की गोवळकोटच्या धक्क्याला पडाव, म्हणजे मालाच्या शिडाच्या होड्या, लागायचे आणि तिथून माल बैलगाड्यांनी कुंभार्ली घाट चढून कराडला जायचा. आता वाशिष्ठी राष्ट्रीय जलमार्ग झाली म्हणतात. मग आमचं खत दाभोळहून बार्जने का येऊ नये? मला हंगामाला तीनशे टन युरिया लागतो. — खतविक्रेते, चिपळूण

उत्तर : तुमचे आजोबा खरंच सांगत होते. माझे आजोबा त्यातल्याच एका पडावावर होते. भरती लागली की दाभोळहून निघायचं आणि पाणी फिरायच्या आत गोवळकोट गाठायचं. पण तेव्हा घाटाखाली माल पोचवायला दुसरी सोयच नव्हती, हे दोन्ही आजोबा सांगायचे विसरले.

आता जलमार्गाचं. २०१६च्या कायद्याने देशात एकूण १११ राष्ट्रीय जलमार्ग झाले. त्यात दाभोळ खाडी आणि वाशिष्ठी मिळून २८वा नंबर, लांबी ४५ किलोमीटर. यादीत नाव येणं म्हणजे रेशनकार्डावर नाव चढणं. धान्य पदरात पडेल तेव्हा खरं. २०२१च्या पुरानंतर तुमच्याकडे नदीतून किती गाळ काढावा लागला ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. माझी गोव्यातली बार्ज भरलेली असली की तीन मीटरच्या वर पाण्यात बसायची. गोवळकोटपर्यंत तिला नेणारं पाणी उधाणाच्या भरतीलाही मिळेल, असं मी तरी छातीठोक सांगणार नाही.

पण समजा मिळालं. आता गोणी मोजू. युरियाची गोणी ४५ किलोची. तीनशे टनांच्या साडेसहा हजारांवर गोण्या झाल्या. रेल्वेच्या वाघिणीतून ट्रकमध्ये आणि ट्रकमधून तुमच्या गोदामात, अशी गोणी दोनदा हमालाच्या पाठीवर चढते. बार्जने आणलीत तर बंदरात बार्जमध्ये, गोवळकोटला धक्क्यावर, धक्क्यावरून ट्रकमध्ये, ट्रकमधून गोदामात. चारदा. पाण्यावर जे वाचवलंत ते धक्क्यावर हमालीत गेलं, वर चार गोण्या फाटल्या त्या वेगळ्याच.

त्यात तुमचा हंगाम कुठला? जून-जुलै. त्या दिवसांत दाभोळच्या तोंडावर लाटा कशा फुटतात ते बघायला या, जेवायला घरी. खाडीतली बार्ज त्या पाण्यात घालणारा सारंग मी बघितलेला नाही. खत एप्रिलमध्येच आणून ठेवायचं तर भांडवल अडकलं आणि युरियाला दमट हवा लागून गोण्यांचे दगड झाले.

मग खतात बार्ज चालतच नाही का? चालते की. केरळात कोचीजवळ उद्योगमंडलचा सरकारी खत कारखाना आहे. त्याच्यासाठी गंधक आणि रॉक फॉस्फेट कालव्यातून बार्जने जातं, द्रवरूप अमोनियासुद्धा टाकीच्या बार्जमधून गेलेला आहे. फरक एवढाच की तिथे गोणी नाही, सुटा माल आहे. आणि कारखाना कालव्याच्या काठावर बसलाय. आमच्या धरमतरलाही तेच. मोठं जहाज मुंबईबाहेर उभं राहतं, कोळसा आणि लोहखनिज बार्जमध्ये उतरतं आणि अंबा नदीतून डोलवीच्या पोलाद कारखान्याच्या स्वतःच्या जेट्टीला लागतं. तिथे ग्रॅब खाली येतो, जबडा मिटतो, आठ-दहा टन एका घासात उचलून पट्ट्यावर टाकतो. पट्टा थेट कारखान्यात. मी सहा वर्षांत तिथे हमालाची पाठ पाहिली नाही.

तुमच्या नदीला माझ्या मते शोभेल तो माल म्हणजे अवजड यंत्रं. बॉयलर, मोठ्या टाक्या, जे घाटातून आणताना चार दिवस रस्ता अडतो, विजेच्या तारा उचलाव्या लागतात. आसामात नुमालीगडच्या रिफायनरीची अशी यंत्रं हल्दियाहून बांगलादेशमार्गे ब्रह्मपुत्रेतून नेली आहेत. लोट्याच्या कारखान्यांना कधी तसलं काही लागलं तर वाशिष्ठी आठवावी. तुमचा युरिया रेल्वेनेच येऊ दे.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. पुस्तकात आहे की एक लिटर इंधनात रस्त्याने २४ टन-किलोमीटर, रेल्वेने ८५ आणि पाण्याने १०५ टन-किलोमीटर वाहतूक होते. इतका फरक असताना देशातल्या एकूण मालापैकी फक्त दोनेक टक्के माल पाण्याने का जातो? — विद्यार्थी, पुणे

उत्तर : आकडा पाठ आहे तर उत्तरपत्रिकेत जरूर लिहा. त्यावर परीक्षक मार्क देतील. मी तुम्हाला त्या आकड्यात न दिसणारे अडीच दिवस सांगतो.

गोव्यात पावसाळ्यात मांडवीचं तोंड आग्वादच्या रेतीच्या बांधामुळे बंद होतं. तेव्हा मांडवीतल्या बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुवारीत शिरतात आणि मुरगाव बंदर गाठतात. कालवा १७ किलोमीटरचा, अरुंद, वळणांचा आणि मध्ये-मध्ये उथळ. त्यात भरतीच्या डोक्यावरच शिरायचं. भरतीची वेळ आम्ही पाऊणकीने काढायचो. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीचा ठोका येतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. नदीत जितकं आत जाल तितकी थोडी मिळवणी करायची. पाढा पाठ असलेल्या माणसाला घड्याळही लागत नाही, असं मी तेव्हा लोकांना सांगत फिरायचो.

भाद्रपद होता, पौर्णिमा होऊन गेलेली. आमोण्याहून चौदाशे टन खनिज भरून निघालो. मी बोटांवर दिवस मोजून चतुर्थी धरली. पंचांगात त्या वेळी तृतीयेची वृद्धी होती, तृतीया दोन दिवस. पंचांग केबिनमध्ये खिळ्याला टांगलेलं होतं, मान वर करायचा आळस केला. पाऊण तास उशीर झाला. बाणस्तारीच्या पुलाच्या अलीकडे बार्जची नाळ, म्हणजे पुढचं टोक, खालून कोणीतरी हाताने धरावी तशी थांबली. ना आवाज, ना धक्का. इंजिन ड्रायव्हरने उलटं टाकलं तर पिछाडीला नुसता काळा चिखल उसळला.

खलाशी म्हणाले, बारा तासांनी पुढची भरती आली की निघू. मला माहीत होतं की निघणार नाही. पौर्णिमेनंतर रोज पाणी उतरत जातं, अष्टमीला भांगाचं, म्हणजे सगळ्यात तोकड्या भरतीचं, पाणी येतं. म्हणजे पुढची प्रत्येक भरती आदल्या भरतीपेक्षा तोकडी. गोव्यात उधाणालाही पाणी जेमतेम दोन-सव्वादोन मीटर चढतं. मुंबईकडचं चार-साडेचार मीटरचं उधाण असतं तर चूक पोटात गेली असती. दोन भरत्या वाया घालवल्यावर मालकांनी दुसरी बार्ज बगलेला लावली, दोनशे टन तिच्यात उतरवले, तेव्हा आम्ही तरंगलो. तोवर समोरच्या काठावर चिखलात एक मगर पडून होती. त्या कालव्यात मगरी आहेत, गावातले लोक त्यांना देवासारखं मानतात. अडीच दिवसांत ती दोनदा हलली. आम्ही त्याहून कमी.

त्या अडीच दिवसांत डिझेल जवळजवळ जळलंच नाही. तुमच्या १०५च्या हिशेबाने आमची फेरी उत्तमच झाली म्हणायची. पण बंदरात जहाज आमच्या मालासाठी थांबलं होतं आणि थांबलेल्या जहाजाचा दंड दिवसावर लागतो. ट्रकवाला रात्री अकराला फोन केला तर पहाटे दारात उभा राहतो. पाणी पंचांग बघून येतं. इंधनाचा आकडा चालत्या बार्जचा आहे. माल चढवणं, उतरवणं, वाट पाहणं आणि रिकामं परतणं यांतलं काहीच त्यात धरलेलं नाही. दोन टक्क्यांचं उत्तर या चार गोष्टींत आहे.

तरी दोन टक्क्यांवरून हसू नका. २०१३-१४ साली देशात जलमार्गांवरून सुमारे १ कोटी ८० लाख टन माल गेला होता, २०२४-२५ला १४ कोटी ५५ लाख टन. त्यातला चांगला मोठा वाटा गंगेचा नाही, महाराष्ट्र-गुजरातच्या खाड्या आणि नदीमुखांतला आहे. कारखाना काठावर आहे म्हणून. पेपरात फोटो मात्र गंगेचा येतो.

गंगेचं सांगायचं तर प्रयागराज ते हल्दिया १,६२० किलोमीटर, १९८६ पासून पहिल्या नंबरचा राष्ट्रीय जलमार्ग. १२ नोव्हेंबर २०१८ला वाराणसीच्या टर्मिनलचं उद्घाटन झालं, तेव्हा कोलकात्याहून आलेल्या जहाजातून सोळा कंटेनर उतरले. सोळा कंटेनर म्हणजे सोळा ट्रक. गोव्यात आमची एक मध्यम बार्ज दीडशेवर टिपरचा माल खाली न्यायची, फोटो काढायला कोणी येत नसे. माझा राग त्या सोळांवर नाही. त्या जहाजाने परतीला फुलपूरचं खत न्यायचं ठरलं होतं, आणि ज्याने ते ठरवलं त्याला हा धंदा कळतो. परतीचा माल रोज मिळाला तर तो जलमार्ग. गंगेत पाणीही वर जाऊ तसं कमी. खाली तीन मीटरची वाट राखायची, वाराणसीकडे २.२ मीटरची. नदी दर पावसाळ्यात वाट बदलते. तिथले लोक बांबूच्या चटया नदीत तिरक्या उभ्या करून प्रवाह एका बाजूला लोटतात, म्हणजे नदी स्वतःच आपला गाळ खरवडून वाट खोल करते. त्याला बँडलिंग म्हणतात. मशीनपेक्षा मला ते फार आवडलं.

डिसेंबर २०२४ पासून गंगा, ब्रह्मपुत्रा आणि बराक या मार्गांवर तीनशे किलोमीटरपेक्षा लांब माल नेणाऱ्याला खर्चाच्या ३५ टक्क्यांपर्यंत परतावा देणारी ‘जलवाहक’ योजना आहे. मदत चांगली. पण परताव्यासाठी मालाचा मालक पहिल्या खेपेला येतो. दुसऱ्या खेपेला तो धक्क्यावर क्रेन चालू होती का ते बघून येतो.

प्रश्न : माझे बाबा बार्जवर खलाशी होते. २०१२ नंतर घरीच बसले. ते म्हणतात, कोर्टाने नदी बंद केली. मला हे पटत नाही. खरं काय झालं? — वाचक, कुडचडे

उत्तर : मुली, बाबांशी वाद घालू नकोस, पण तुझं बरोबर आहे. नदी कोणी बंद केली नाही. मांडवी २०१६च्या यादीत ६८व्या नंबरवर आहे, झुवारी १११व्या, म्हणजे अगदी शेवटच्या, आणि कुंभारजुव्याचा कालवा २७व्या. यादीत नाव लागलं तेव्हा तिथल्या बऱ्याच बार्ज गंज खात होत्या, ही गंमत बघ.

बंद झाल्या त्या खाणी. बेकायदा उत्खननाचा शहा आयोगाचा अहवाल आला, सप्टेंबर २०१२मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ५ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली. एप्रिल २०१४मध्ये वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत परवानगी मिळाली. मग ७ फेब्रुवारी २०१८च्या निकालाने ८८ लीजचं नूतनीकरण रद्द झालं आणि १६ मार्चपासून पुन्हा सगळं थांबलं. आता लिलाव होऊन काही खाणी सुरू झाल्या आहेत. आमच्या वेळची गर्दी मात्र दिसत नाही.

बाबांचा राग मला कळतो, कारण तोच राग मी दोन वर्षं घरी बसून केला. पण तो काढायचा तर आमच्यावरही काढावा लागेल. खनिज सोडून दुसरा माल या नद्यांतून न्यायचा विचार भरभराटीच्या काळात कोणी केला नाही. मालकांनी नाही, सरकारने नाही आणि आम्ही तर नाहीच. आमोणे, सारमानस, कुडचडे, जेट्टी बघ. वर प्लॉट, प्लॉटवर खनिजाचा ढीग, मध्ये घसरगुंडी, खाली बार्ज. टिपर आला, ओतला, गेला. तिथे सिमेंटची गोणी उतरवायची म्हटली तर पाय ठेवायला जागा नाही. जाताना भरलेलं, येताना रिकामं. अंतर कमी, माल अमाप, म्हणून रिकामी फेरी परवडत होती. या उत्तरात मला वरच्या उत्तरातलं माझंच म्हणणं थोडं खोडावं लागतंय. परतीचा माल नसतानाही गोव्याची बार्ज अनेक दशकं चालली. फक्त एकाच मालावर चालली.

मी ज्या बार्जवर अकरा वर्षं होतो ती भंगारात गेली. तोडायच्या आदल्या दिवशी मी गेलो होतो. केबिनमधला पंचांगाचा खिळा काढून आणला. बाबांना सांग, त्यांच्या बार्जचं नाव मला लिहून पाठवा. बहुतेक ओळखीची निघेल.

प्रश्न : वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशा मोठ्या नद्या आमच्याकडे आहेत. कोकणातल्या टीचभर खाड्यांचं कौतुक पुरे. विदर्भाचा कापूस, कोळसा नदीतून समुद्राला का जात नाही? — निवृत्त शिक्षक, चंद्रपूर

उत्तर : गुरुजी, टीचभर खाड्यांना दिवसातून दोनदा समुद्र फुकट पाणी भरतो, तुमच्या नदीला कोण भरणार?

माझी धाकटी मुलगी दोन वर्षं सिरोंच्याला नोकरीला होती. मे महिन्यात मी तिच्याकडे गेलो तेव्हा नदीवर गेलो. इतकं रुंद पात्र मी आयुष्यात पाहिलं नव्हतं आणि एवढ्या रुंद पात्रात इतकं कमी पाणीही नाही. वाळू, मग खडक, मग पुन्हा वाळू. गाई चालत पलीकडे जात होत्या. माझ्यातल्या सारंगाने मान खाली घातली.

तिथेच कळलं की तुमचा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी इंग्रजांनाही पडला होता. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात धरण बांधणाऱ्या आर्थर कॉटन यांची ही योजना. वऱ्हाड-नागपूरचा कापूस वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीतून बोटींनी बंगालच्या उपसागरावर न्यायचा. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते, दुम्मागुडम, एंचमपल्ली आणि अहेरीकडचा देवलमरी. तिथे बांध घालून बाजूने कालवे काढायचे आणि लॉक बसवायचे. लॉक म्हणजे दोन दरवाज्यांची कोठी. बोट आत घ्यायची, दरवाजे लावायचे, पाणी भरायचं, बोट वरच्या पातळीला. १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, तेव्हा कामाला जोर होता. सिरोंचा तेव्हा अप्पर गोदावरी जिल्ह्याचं ठाणं होतं. पण १८६७ला रेल्वे नागपूरला पोचली आणि कापूस मुंबईकडे वळला. १८७१ला नदीचं काम सोडून दिलं.

त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. वर्षातले जे थोडे महिने पाणी असतं त्यात पूरही असतो, आणि गिरणीला कापूस बारा महिने लागतो.

तुमच्यासाठी आणखी एक मजा. २०१६च्या यादीत चौथ्या नंबरच्या जलमार्गाला गोदावरीचा भद्राचलम ते नाशिक हा पट्टाही जोडलेला आहे. मी नाशिकला रामकुंडावर उभं राहून बार्ज कुठे बांधायची याचा अंदाज घेत होतो, तेवढ्यात एका गुरुजींनी विचारलं, अस्थी आणल्यात का. मध्ये जायकवाडीचं धरण आहे, त्याला लॉक नाही. ते बांधताना कोणाच्या डोक्यात बोट नव्हती, पाणी होतं. त्यांनाही दोष देववत नाही. तुमचा कोळसा रेल्वेनेच जाणार, गुरुजी. खाड्यांचं कौतुक मी चालू ठेवतो.

प्रश्न : तुम्ही बार्जची बाजू घेता. आमच्या खारेपाटात येऊन बघा. बार्ज जवळून गेली की डोलीची, म्हणजे खाडीत खुंटांना बांधलेली, जाळी फाटतात, बांधाला लाटा बसून खांडी पडतात, भातात खारं पाणी शिरतं. जिताडा मासा आता सणालाही मिळत नाही. याला विकास म्हणायचा का? — मासेविक्रेत्या, पेण तालुका

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही म्हणता ती बार्ज माझीही असू शकेल.

धरमतर खाडीत आम्ही भरतीबरोबर वर चढायचो. पाणी पुरं असतं तेव्हाच निघायचं, म्हणजे नेमकं पाणी बांधाच्या काठाशी आलेलं असतं तेव्हा. ओहोटीला तीच लाट चिखलात जिरली असती, भरतीला ती सरळ बांधावर फुटते. मागून कंपनीचा माणूस वायरलेसवर ओरडत असतो, जेट्टी रिकामी आहे, लवकर या. आम्ही वेग वाढवायचो. डोलीच्या खुंटांवर फडकं बांधलेलं दिवसा दिसतं, रात्री दिसत नाही. रात्री बार्ज चालतातच, कारण भरती दिवस-रात्र बघत नाही. एका रात्री माझ्या पंख्यात जाळं गुंतलं. सकाळी ते कापून काढलं, काठावर टाकलं आणि निघून गेलो. कोणाचं होतं ते विचारलं नाही. आता लिहिताना तेच आठवतंय.

जिताडा कमी होण्याला एकटी बार्ज कारण नाही. पाण्यात काय काय सोडलं जातं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण बांधाच्या खांडीला आणि जाळ्यांना बार्ज कारण आहे, यात वाद नाही. करता येण्यासारखं आहे. बांध जवळ आहे त्या पट्ट्यात वेगाची मर्यादा, आणि ती पाळली का ते बघायला बार्जवरचं जीपीएस. ते यंत्र केबिनमध्ये असतंच, त्याची नोंद मागितली पाहिजे. डोलीच्या जागा सारंगाच्या नकाशावर, खुंटांवर रात्री दिवे, आणि ते दिवे मच्छीमाराच्या खर्चाने नकोत. जाळं तुटलं तर भरपाई कोण, किती, किती दिवसांत देणार हे आधी कागदावर.

मागताना एक करा. ‘बार्ज बंद करा’ असं लिहिलेला अर्ज फायलीत झोपतो. ‘अमुक बांधापासून अमुक बांधापर्यंत वेग इतका’ असा अर्ज, तारीख आणि भरतीच्या वेळेसह गेला तर उत्तर द्यावं लागतं. कोणत्या तिथीला, किती वाजता, कोणती बार्ज गेली हे मुलांना वहीत लिहायला सांगा. महिनाभराची वही झाली की मला दाखवा. अर्ज लिहायला मी येतो. एकेकाळी पलीकडच्या बाजूला होतो, त्यामुळे ते काय उत्तर देतील तेही ठाऊक आहे.

प्रश्न : काका, मी गुहागर तालुक्यातला, बारावी झालोय. मला सारंग व्हायचंय. सुरुवात कुठून करू? — वय १९

उत्तर : पोहता येतं का, हे तू लिहिलं नाहीस. येत नसेल तर तिथून.

येत असेल तर ट्रेनिंग घे. पाटण्याला अंतर्देशीय जलवाहतुकीची राष्ट्रीय संस्था आहे. खाली डेकवर हात काळे करून नोकरीची वर्षं भरावी लागतात, मग सारंगाची परीक्षा, मग मास्टरची. २०२१च्या नव्या कायद्याने १९१७चा जुना कायदा गेला. अंतर्देशीय जहाजांची नोंदणी आणि सर्टिफिकेटं आता देशभर एका नियमात आहेत, म्हणजे इथलं सर्टिफिकेट घेऊन ब्रह्मपुत्रेतही जाता येईल. माझ्या वेळी असं नव्हतं. पहिली दोन वर्षं तुला चहा करायला, दोर ओढायला आणि रंग खरवडायला लावतील. चहा चांगला कर. सारंग ज्याच्या हातचा चहा पितो त्यालाच सुकाणू शिकवतो.

मोबाईलवर भरतीचं अ‍ॅप असतं, माझ्या नातवाने मला दाखवलं. चांगलं आहे. तू आज कॅलेंडरवर तिथी बघ, वृद्धी-क्षय आहे का तेही बघ, आणि पाऊणकीने वेळ काढून कागदावर लिही. मग खाडीवर जाऊन धक्क्याच्या पायऱ्या मोज, कितव्या पायरीवर पाणी थांबलं आणि किती वाजता. अ‍ॅप त्यानंतर उघड. पंधरा दिवस करून तो कागद पाठव.